अंतर्याम पारखणारा देव आणि आमची पहाटेची चाल



गेल्या काही महिन्यांपासून आमच्या मंडळीच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत एक शब्द दर रविवारी येतो आहे. डॉक्टर त्याला मूत्रपिंड म्हणतात, घरात आपण किडनी म्हणतो, आणि ग्वाल्हेरच्या बाजारात, दवाखान्याच्या रांगेत, रिक्षावाल्याच्या तोंडी तो गुर्दा असतो. देवालयात उभे राहून हा शब्द उच्चारताना आधी सगळ्यांना जरा अवघडल्यासारखे व्हायचे. हृदयासाठी प्रार्थना सहज होते, डोळ्यांसाठी होते, पण मूत्रपिंडासाठी? एका भगिनीने तर पहिल्या रविवारी "त्यांच्या पोटाच्या त्रासासाठी" असे म्हणून वेळ मारून नेली.

खरे तर पवित्र शास्त्राला या अवयवाचा मुळीच संकोच नाही. जुना करार ज्या इब्री भाषेत लिहिला गेला, तीत मूत्रपिंडांना 'केलायोत' म्हणतात. लेवीय पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात शांत्यर्पणाची वेदी आहे, तिथे पशूचे दोन्ही गुरदे आणि त्यांच्यावरची चरबी परमेश्वरासाठी राखून ठेवायला सांगितले आहे. तिथे आपल्या भाषांतरकारांनी 'गुरदे' असेच स्पष्ट म्हटले. पण हाच इब्री शब्द स्तोत्रांत आणि यिर्मयाच्या पुस्तकात माणसाच्या संदर्भात येतो, तेव्हा मराठीत तो अंतर्याम, मन, अंतःकरण असा होतो. यिर्मयाच्या सतराव्या अध्यायातले दहावे वचन काढून पाहा. परमेश्वर हृदय तपासतो आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट पारखतो, ती मुळात मूत्रपिंडे आहेत. स्तोत्र 139 मध्ये देवाने आईच्या उदरात आपल्याला घडवले असे दावीद म्हणतो, तिथेही त्याने पहिले नाव घेतले ते याच अवयवाचे. आणि सोळाव्या स्तोत्रात तर रात्रीच्या वेळी त्याची मूत्रपिंडेच त्याला शिकवण देतात! जुन्या इंग्रजी भाषांतरात या जागी 'रेन्स' असा शब्द आहे. तो ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्यावरूनच आजच्या डॉक्टरांचा 'रीनल' शब्द आला. म्हणजे रिपोर्टच्या कागदावर 'रीनल फंक्शन टेस्ट' छापलेले असते, तेव्हा तिथे स्तोत्रकर्त्याच्याच शब्दाचा एक दूरचा नातेवाईक बसलेला असतो.

इब्री लोकांनी हा अवयव माणसाच्या सर्वांत खोल, सर्वांत झाकलेल्या जागेची खूण का मानला असेल? पाठीच्या बाजूला, बरगड्यांच्या आडोशाला, चरबीच्या वेष्टनात दडलेली ही जोडी. कापल्याशिवाय दिसत नाही. आणि जोवर फार बिघडत नाही तोवर बोलतही नाही. या शेवटच्या वाक्यामुळेच आम्ही आज लिहायला बसलो.

आमच्या मंडळीतले एक काका रेल्वेतून निवृत्त झालेले. आवाज असा, की गीताची पहिली ओळ त्यांनीच उचलावी. त्यांना काही दुखत नव्हते. थोडी भूक कमी झाली होती, घोट्यांवर सूज येत होती, आणि ती त्यांनी ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याच्या खात्यावर टाकली होती. रक्त तपासले तेव्हा क्रिएटिनिन इतके वाढलेले निघाले, की महिन्याभरात डायलिसिस सुरू झाले. आता मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, दर खेपेला चार तास, हे त्यांच्या आठवड्याचे वेळापत्रक आहे. आम्ही स्वयंसेवक पाळीपाळीने त्यांना नेतो-आणतो. त्या चार तासांच्या वाट पाहण्यात आम्ही जे शिकलो, ते आधी कुणी सांगितले असते तरी कदाचित कानांवरून गेले असते.

निरोगी माणसाच्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. हृदय जेवढे रक्त बाहेर ढकलते, त्यातला साधारण पाचवा हिस्सा या मुठीएवढ्या दोन अवयवांकडे जातो. दिवसभरात सुमारे 180 लिटर पाणी रक्तातून गाळले जाते, आणि त्यातले दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळे, कामाच्या क्षारांसकट, शरीराला परत दिले जाते. यंत्र हे काम आठवड्यातून 12 तास करते. आपली मूत्रपिंडे आठवड्याचे 168 तास करतात, आपण झोपलो असतानाही. दावीदाच्या रात्रीच्या शिकवणीचा अर्थ आम्हांला त्या वेटिंग हॉलच्या लोखंडी बाकावर बसून थोडा वेगळा वाटू लागला.

या गाळण्या बिघडतात कशाने? बहुतेक वेळा दोन जुन्या ओळखीच्या कारणांनी: मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब. साखर जास्त राहिली की गाळणीचा पडदा हळूहळू खराब होतो. दाब जास्त राहिला की त्या केसाएवढ्याही नसलेल्या रक्तवाहिन्यांना रोज मार बसतो. मग जे प्रथिन रक्तात राहायला हवे ते लघवीत झिरपू लागते. काही गाळण्या बंद पडल्या की उरलेल्या त्यांचे काम उचलतात आणि म्हणून माणसाला काही जाणवत नाही. निम्म्याहून अधिक क्षमता गेली तरी माणूस बाजारहाट करतो, लग्नाला जातो, गीत गातो. जगभरात सुमारे 85 कोटी लोकांना मूत्रपिंडाचा कुठला ना कुठला आजार आहे असा अंदाज आहे, आणि त्यांतल्या फार मोठ्या संख्येला तो असल्याचे माहीतच नाही.

काकूंनी पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगून टाकले, "माझी एक घ्या." आपल्या देशाच्या 1994 च्या कायद्याप्रमाणे पतिपत्नी जवळचे नातेवाईक धरले जातात, त्यामुळे त्या बाजूने अडचण नव्हती. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात 1971 साली आपल्या देशातले पहिले यशस्वी मूत्रपिंडरोपण झाले, हे आमच्या पाळकसाहेबांनी त्या रविवारी मोठ्या अभिमानाने सांगितले. काकूंच्या तपासण्या सुरू झाल्या. आणि तिथे कळले, की काकूंना स्वतःलाच मधुमेह आहे, रक्तदाबही वाढलेला आहे. डॉक्टरांनी सौम्यपणे सांगितले, "तुमच्या दोन्ही तुम्हांलाच लागतील. त्या सांभाळा."

त्या दिवशी परत येताना काकू रिक्षात एक शब्द बोलल्या नाहीत. घरी पोचल्यावर, चहा ठेवता ठेवता, आम्हांला पाठमोऱ्याच म्हणाल्या, "देण्यासारखे काही शिल्लक असायला तरी पाहिजे ना."

हे वाक्य आमच्या स्वयंसेवकांच्या बैठकीत गेले आणि तिथून चालण्याचा विषय निघाला. डॉक्टरांनी काकूंना औषधांबरोबर रोज अर्धा तास चालायला सांगितले होते. एकट्याने चालायला त्या तयार नव्हत्या. मग ठरले, की आपण सगळेच चालू.

सगळ्यांना हे पटले असे मात्र नाही. आमच्या वडीलमंडळातल्या एका आदरणीय गृहस्थांनी विचारले, "पहाटेची वेळ प्रार्थनेची. ती शरीराच्या लाडात घालवायची का? शारीरिक व्यायामाविषयी पौलाने तीमथ्याला काय लिहिले ते ठाऊक आहे ना?" प्रश्न गंभीर होता, आणि आम्हांला तो टाळायचा नव्हता. पौलाने भक्तीला अधिक मोल दिले हे खरेच. पण व्यायामाला त्याने शून्य मोल दिलेले नाही, थोडे का होईना दिलेच आहे. आणि हे लिहिणारा माणूस स्वतः आशिया मायनरच्या डोंगरांतून शेकडो मैल पायी फिरलेला होता. त्याला कुणी चालायला सांगायची गरजच नव्हती. आपल्या प्रभूचे तेच. यहूदीयातून गालीलाकडे, शोमरोनातून, भर दुपारी विहिरीपाशी थकून बसेपर्यंत तो चालला. अम्माऊस यरुशलेमेपासून साठ स्तादिया, म्हणजे सुमारे 11 किलोमीटर. त्या दोन शिष्यांनी एवढे चालून, भाकर मोडली जाताना त्याला ओळखून, त्याच रात्री तेवढेच अंतर परत कापले. ज्यांच्यासाठी शास्त्र लिहिले गेले ती माणसे दिवसभर पायांवर होती. खुर्ची, स्कूटर आणि मोबाइल ही आमची भर आहे.

शिवाय मराठी माणसाला चालणे आणि भक्ती यांचे नाते नव्याने सांगावे लागत नाही. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या समाजातूनच आपले पूर्वज प्रभूकडे आले. आणि दौलतराव शिंद्यांच्या छावणीमागोमाग 1810 च्या सुमारास जी मराठी घराणी इथे आली, ज्या छावणीमुळे या गावाला आजही लष्कर म्हणतात, तीही दख्खनेतून बैलगाड्यांच्या बरोबरीने चालतच आली होती.

ते वडील आता आमच्याबरोबर चालतात, पण शेवटच्या रांगेत, आणि मनातल्या मनात प्रार्थना करत. त्यांनी आपले मत बदलले असे ते अजून म्हणालेले नाहीत.

आता तुम्ही विचाराल, चालण्याने मूत्रपिंड वाचते याला आधार काय? आमच्या तरुणांपैकी एक जण वैद्यकीय शिक्षण घेतो, त्याने आम्हांला हे समजावून सांगितले. चालताना मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे मोठे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. नियमित चालणाऱ्याचा रक्तदाब काही अंकांनी खाली येतो, वजन आटोक्यात राहते, रक्तवाहिन्या लवचीक राहतात. म्हणजे गाळणीवर बसणारे दोन्ही मार कमी होतात. हे झाले तर्काने. प्रत्यक्षात पाहिले गेले तेही आहे. तैवानमधील एका रुग्णालयाने 6,363 मूत्रपिंडरुग्णांची माहिती 2014 साली प्रसिद्ध केली. त्यांतले जे नियमित चालत होते त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण 33 टक्क्यांनी आणि डायलिसिस किंवा रोपणाची गरज 21 टक्क्यांनी कमी आढळली. आकडे ऐकून आम्ही टाळ्या वाजवायला निघालो होतो. पण त्या मुलानेच थांबवले. म्हणाला, जो मुळात जरा बरा आहे तोच चालू शकतो, म्हणून सगळे श्रेय चालण्याला देता येत नाही. त्याची ही सचोटी आम्हांला आवडली. साक्ष देताना फुगवून सांगण्याचा मोह मंडळीतही काही कमी नसतो.

त्याने सांगितलेली दुसरी पाहणी अधिक भरवशाची आहे, पण तिचे फळ लहान आहे. अमेरिकेत 70 ते 89 वयाच्या, फारशी हालचाल नसलेल्या वृद्धांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एकाला चालणे आणि हलका व्यायाम दिला, दुसऱ्याला आरोग्याची व्याख्याने. 2022 साली त्यांतल्या 1,199 जणांच्या मूत्रपिंडांचा हिशोब प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत दोन्ही गटांची क्षमता उतरली, वयाने ती उतरतेच, पण चालणाऱ्यांची थोडी सावकाश उतरली. फरक जेमतेम एका अंकाचा. व्याख्याने ऐकणाऱ्यांपेक्षा चालणारे पुढे राहिले, हे ऐकून आमचे पाळकसाहेब मात्र मनापासून हसले.

एका अंकासाठी एवढा खटाटोप? इथे आम्हांला नामान आठवतो. अरामाचा तो सेनापती कुष्ठ बरे व्हावे म्हणून रथ, घोडे, सोने-चांदी घेऊन आला, आणि अलीशाने दाराबाहेरही न येता निरोप धाडला, की यार्देनेत सात वेळा बुडी मार. तो संतापला. काही अवघड सांगितले असते तर त्याने केले असते, हे त्याच्या चाकरांनी ओळखले. आपलेही तसेच आहे. कुणी महागडे औषध, दिल्लीचा मोठा डॉक्टर, चाळीस दिवसांचा उपास सांगितला तर आपण कंबर कसतो. रोज तीस मिनिटे चाला, आठवड्याची 150 मिनिटे भरू द्या, असे सांगितले की आपल्याला ते औषध वाटतच नाही. एवढाच फरक, की नामानाला सात बुड्यांत मोकळे होता आले. इथे आठव्या दिवशी पुन्हा जायचे असते.

आम्ही फुलबागेच्या बाजूला जमतो. राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीवरून पुढे, झाडांच्या सावलीने, आणि पाय मोकळे झाले की बैजातालाकडे. सुरुवातीला पंधरा मिनिटे, मग वीस. वेग किती ठेवावा हे ओळखायची एक सोपी खूण आहे: बोलता यावे, पण गाता येऊ नये. आमच्यातल्या एका भगिनीने ती खूण तपासायला म्हणून गीत सुरू केले आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत नीट म्हटले, तेव्हा सगळ्यांना कळले की आपण चालत नाही, रेंगाळतो आहोत. गुडघे दुखणाऱ्यांनी किल्ल्याचा चढ धरू नये. तो आमच्या तरुणांना लखलाभ.

ग्वाल्हेरमध्ये ऋतूंचे ऐकावेच लागते. मे-जूनमध्ये पारा 45 च्या पुढे जातो आणि लू सुटते, तेव्हा सूर्य वर यायच्या आत घरी परतलेले बरे. घामाने शरीर सुकले की मूत्रपिंडांकडे जाणारे रक्तच कमी होते, आणि मुतखड्यालाही तेच निमित्त पुरते. एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाण्याचे भांडे उशाशी ठेवले, दोनदा, आणि मग होरेबाच्या वाटेला लावले. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. डिसेंबर-जानेवारीत उलट, धुके आणि धूर जमिनीलगत बसलेले असतात, म्हणून आम्ही ऊन पडल्यावर निघतो.

आणखी दोन गोष्टी, कारण मागे राहणाऱ्यांची कुजबुज आमच्या कानांवर येते. चालून गुडघा दुखला म्हणून औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळी आणायची आणि ती महिनोन्‌महिने चालू ठेवायची, हे चालण्याचा सगळा फायदा पाण्यात घालवणारे आहे. त्या गोळ्या मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा कमी करतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या नकोत, आणि आत काय आहे ते न सांगणाऱ्या पुड्या तर नकोतच. दुसरी गोष्ट मिठाची. दिवसाला सगळे मिळून 5 ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा, एवढीच जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. फेरी संपल्यावर बेडई-कचोरीच्या गाडीपाशी थांबण्याची जी प्रथा दुसऱ्याच आठवड्यात सुरू झाली होती, ती आम्ही प्रेमाने बंद केली. महिन्यातून एकदा चालते, असा तह झाला आहे.

काकांचे काय, असे तुम्ही विचाराल. चालण्याने त्यांची मूत्रपिंडे परत येणार नाहीत. हे त्यांना ठाऊक आहे, आम्हांलाही आहे, आणि आम्ही चमत्काराची प्रार्थना करत असलो तरी त्यांना खोटी आशा दाखवत नाही. त्यांचे पथ्यही वेगळे. पाणी मोजून प्यायचे, आणि मंडळीतून प्रेमाने येणारी शहाळी काकू हसून शेजाऱ्यांना देतात, कारण त्यांतले पोटॅशियम काकांच्या हृदयाला धोक्याचे. "भरपूर पाणी पी, नारळपाणी पी" हा सल्ला सगळ्यांना सरसकट देऊ नये, हे आजाऱ्यांना भेटायला जाणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. त्यांच्या ज्या हातात डायलिसिसची जोडलेली नस आहे, तो हात धरून ओढू नये, त्यावर रक्तदाबाचा पट्टाही बांधू नये.

पण काका चालतात! इटलीत डायलिसिसवरच्या रुग्णांना घरच्या घरी चालण्याचा ठरावीक व्यायाम सहा महिने दिला होता. सहा मिनिटांत ते सरासरी 328 मीटर जायचे, ते 367 मीटर जाऊ लागले. काकांना हा आकडा फार आवडला. यंत्राच्या दिवशी ते गळून जातात, पण मधल्या दिवशी डॉक्टरांच्या परवानगीने अंगणापासून गल्लीच्या टोकापर्यंत जातात आणि येतात. पावले मोजत नाहीत, गीताची कडवी मोजतात. पूर्वी एका कडव्यात दम लागायचा, आता तीन होतात. काकू त्यांच्या पुढे दोन पावले असतात आणि मागे वळून पाहत राहतात.

काकूंची साखर तीन महिन्यांनी तपासली, ती उतरली आहे. औषध, जेवण आणि चालणे यांपैकी कुणाचा वाटा किती हे सांगता येणार नाही, आणि त्या तो वाटा विचारतही नाहीत. लघवीतल्या प्रथिनाची तपासणी आता दर वर्षी करायची आहे. ही तपासणी, रक्तातले क्रिएटिनिन आणि रक्तदाब, एवढ्या तीन गोष्टींत मूत्रपिंडांचे मौन बरेचसे फुटते. मधुमेह, रक्तदाब किंवा घरात कुणाला हा आजार असलेल्या प्रत्येकाने त्या करून घ्याव्यात. सरकारी आरोग्य केंद्रांत तीस वर्षांवरील सर्वांचा रक्तदाब आणि साखर मोफत पाहतात, आणि गरिबांसाठी डायलिसिसची राष्ट्रीय योजना 2016 पासून जिल्हा रुग्णालयांतून चालू आहे. आपल्या मंडळीत कुणाला त्याची गरज असेल आणि कागदपत्रांची भीती वाटत असेल, तर आमच्यापैकी कुणालाही सांगा. रांगेत उभे राहायला माणसे आहेत.

येत्या सोमवारपासून फेरीची वेळ साडेपाच केली आहे, कारण ऊन लवकर चढते. पाण्याची बाटली ज्याची त्याने आणावी. पायात चप्पल नको, बूट हवेत. शनिवारी काकांना नेण्याची पाळी अजून कुणी घेतलेली नाही. उपासनेनंतर दारापाशी वही ठेवली आहे, तिच्यात नाव लिहावे.